घरातून डबा, चटणी, पापड विकताय? कोल्हापुरात कागद कोणत्या क्रमाने करायचे

बहुतेक जण या कामाची सुरुवात शेवटापासून करतात. मोबाईलवरून एफएसएसएआयची (केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी काढतात, १४ अंकी नंबर मिळाला की तो पाकिटावर छापतात आणि आता सगळं कायदेशीर झालं असं धरून चालतात. वर्षभराने सोसायटीची नोटीस येते, महावितरणचा माणूस मीटर तपासायला येतो, नाहीतर शेजारी महापालिकेत अर्ज देतो की खालच्या खोलीत दिवसभर कांडप चालतं, भिंती हादरतात. तेव्हा लक्षात येतं की तो नंबर अन्नाबद्दल बोलतो. त्या घरात, त्या गल्लीत हे काम चालतं का, याबद्दल तो काहीच बोलत नाही. जागेचा कायदा वेगळा, तो बघणारी माणसंही वेगळी.

म्हणून खालचा क्रम जागेपासून सुरू होतो आणि लेबलवर संपतो. मधला टप्पा वगळू नका. वरच्या टप्प्यावर अडलात तर खालच्या टप्प्यावर घातलेले पैसे बुडतात, आणि लेबलं छापून झाल्यावर पत्ता बदलावा लागणं हा त्यातला सगळ्यात महाग प्रकार.

## टप्पा १: काम नेमकं कोणतं, ते एका वाक्यात लिहा

"खाण्याचं काहीतरी करते" असं सांगून कुठल्याच खिडकीवर काम होत नाही. कोल्हापुरात घरातून चालणारी कामं साधारण पाच प्रकारची, आणि प्रत्येकाला नियम वेगळे लागतात.

डबा: रोज शिजवायचं, त्याच दिवशी पोचवायचं. शिवाजी विद्यापीठाच्या आसपास खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांना, सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांना जाणारे डबे यात येतात. अन्न कायद्याच्या भाषेत हा अन्नसेवेचा प्रकार.

टिकाऊ पदार्थ: चटणी, लोणचं, पापड, कुरडई, सांडगे, चकली, लाडू. पाकीटबंद करून विकलं की हे उत्पादन झालं. लेबलचे सगळे नियम इथे पूर्णपणे लागतात.

केक आणि बिस्किटं: हेही उत्पादनच. फरक एवढाच की ओव्हनमुळे विजेचा प्रश्न इथे आधी उभा राहतो.

फेरपॅकिंग: शाहू मार्केट यार्डातून गुळाची ढेप आणायची, अर्धा-अर्धा किलोचे खडे करायचे, आपल्या नावाच्या पिशवीत भरायचे. "आम्ही काही बनवत नाही, नुसतं भरतो" म्हणून यातले बरेच जण नोंदणीच करत नाहीत. भरणारालाही नोंदणी लागतेच. पाकिटावर नाव ज्याचं, जबाबदारी त्याची.

खानावळ: माणसं घरी येऊन बसून जेवतात. याला मी घरगुती व्यवसाय म्हणणार नाही, पाटीवर "घरगुती मटण खानावळ" लिहिलेलं असलं तरी. पुढच्या खोलीत चार टेबलं मांडून तांबडा-पांढरा वाढायला लागलात की ते खाद्यगृह. त्याला जागेचा वापर, महापालिकेचा परवाना, आगीची सुरक्षा, हात धुण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय, सगळं वेगळ्या मापाने बघितलं जातं. खानावळच काढायची असेल तर हा लेख टप्पा ३ पर्यंत वाचा आणि मग थेट महापालिकेच्या परवाना विभागात जा.

*तपासून बघा:* दोन प्रकार एकत्र करणार असाल (दिवसा डबे, संध्याकाळी चकली) तर दोन्ही लिहून ठेवा. टप्पा ६ मध्ये दोन्ही दाखवावे लागतात.

## टप्पा २: घर कुणाच्या हद्दीत आणि कोणत्या झोनमध्ये

कोल्हापूर म्हटलं की सगळं एकच वाटतं, पण जमिनीच्या वापराच्या बाबतीत रस्ता ओलांडला की कार्यालय बदलतं. महापालिकेच्या हद्दीतली घरं महापालिकेच्या नगररचना विभागाकडे. हद्दीला लागून असलेली उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंबे तर्फ ठाणे अशी गावं २०१७ साली ४२ गावांसाठी नेमलेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे. त्या गावांत ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला म्हणजे जागेचा प्रश्न सुटला, असं अनेकांना वाटतं. ग्रामपंचायत फक्त तिची हरकत आहे की नाही तेवढंच सांगते. जमीन वापराचा निर्णय प्राधिकरणाचा.

आता कागद. शहरात सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर वॉर्ड असतो: ए, बी, सी, डी, ई. हे सिटी सर्व्हेचे वॉर्ड आहेत, निवडणुकीचे प्रभाग नव्हेत. अर्जात प्रभाग क्रमांक लिहून सिटी सर्व्हे नंबर सोडून दिला, म्हणून अर्ज परत येतात. गावात गावठाणातल्या घराला नमुना ८ चा उतारा लागतो, गावठाणाबाहेरच्या प्लॉटला सातबारा आणि बिगरशेतीचा आदेश किंवा सनद.

कागद हातात आला की झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. महापालिका हद्दीत हा अर्ज ऑनलाइनही करता येतो. दाखल्यावर मंजूर विकास योजनेप्रमाणे तुमची मिळकत निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती यांपैकी कुठल्या विभागात आहे ते लिहून येतं. एखादं आरक्षण किंवा रस्तारुंदीची रेषा घरावरून जात असेल तर तेही इथेच कळतं.

निवासी आलं म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. मुंबई आणि आणखी काही ठरावीक क्षेत्रं सोडून महाराष्ट्रभर डिसेंबर २०२० पासून एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आर्किटेक्ट तिला युडीसीपीआर म्हणतात. तीत निवासी विभागाचे आर-१ आणि आर-२ असे दोन भाग समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून पडतात. आर-१ म्हणजे निव्वळ राहण्याची अरुंद रस्त्यावरची जागा, आर-२ मध्ये दुकानं आणि छोटे उद्योग यांना बरीच मोकळीक. शिवाजी पेठेतल्या बोळातलं घर आणि राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरचं घर दोन्ही निवासीच, पण एकात चालतं ते दुसऱ्यात चालेल असं नाही. म्हणून दाखल्याबरोबर समोरच्या रस्त्याची मंजूर रुंदी विचारून घ्या. टेपने मोजलेली रुंदी धरत नाहीत.

*सावधान:* घरफाळ्याची पावती हा जागेच्या वापराचा पुरावा नाही. तुम्ही व्यापारी दराने घरफाळा भरत असलात तरी त्याने वापर मंजूर होत नाही. महापालिका कर घेते तो प्रत्यक्ष वापर बघून, आणि अनधिकृत वापरावरही कर लागतो. "आम्ही कमर्शियल फाळा भरतो" हे वाक्य सुनावणीत टिकत नाही.

## टप्पा ३: घरगुती उद्योगाच्या रेषा ओळखा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे, म्हणून इथे जरा थांबू.

निव्वळ निवासी घरातही काही काम करायला मुभा असते. नियमावलीत ती रूढ घरगुती उद्योगांसाठी आहे: घरातल्या माणसांनी, पगारी कामगार न लावता केलेलं काम. मोटर वापरली तर एकूण भार १ अश्वशक्तीपर्यंत. या दोन अटींत बसलात तर जागेसाठी सहसा वेगळी परवानगी लागत नाही.

आता हे माप आपल्या स्वयंपाकघराला लावून बघा. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. बाजारात मिळणारा मोठा घरगुती मिक्सर ७५० वॉटचा असतो. म्हणजे नियमाचा काटेकोर अर्थ लावला तर एका मिक्सरवरच हिशोब संपला. घरातल्या मिक्सरवरून कुणी कुणाला नोटीस देत नाही, पण त्याच्याशेजारी पिठाची चक्की आणि पापड लाटायचं मशीन आलं की मोजणाऱ्याला मोजायला जागा मिळते. आणि डंक? चटणी कांडायचा डंक घरात बसवायचा विचार मनातून काढून टाका. त्याची मोटर या मर्यादेत बसत नाही, आवाज आणि हादरे लपत नाहीत, आणि मिरचीचा खकाणा उठला की अख्खी गल्ली शिंकत दारात येते. मसाला कांडप आणि पिठाची गिरणी यांचा विचार नियमावलीत वेगळ्या विभागासाठी वेगळा केलेला आहे.

मोटरीइतकीच महत्त्वाची अट हाताखालच्या माणसांची. सासू, सून, नणंद मिळून पापड लाटतात, हरकत नाही. हंगामात चार बायका रोजावर बोलावल्या की तो घरगुती उद्योग राहत नाही, मग त्या त्याच गल्लीतल्या का असेनात. बचत गट असाल तर सदस्यांनी आपापल्या घरी लाटून एका ठिकाणी आणून भरणं सोपं वाटतं. पण मग प्रत्येक घर ही काम करण्याची जागा ठरते आणि अन्न नोंदणीचा प्रश्न तितक्या ठिकाणी निघतो. गटाने एक सामायिक जागा घेतलेली बरी.

तक्रार झाल्यावर तपासायला येणारा माणूस साधारण हेच बघतो: बाहेरचे कामगार, मोटर, दारावर बोर्ड आणि काउंटर, आणि दिवसभर येणारी-जाणारी गिऱ्हाइकं व गाड्या. यातलं काहीच नसेल तर तक्रार सहसा तिथेच संपते. दोन-तीन गोष्टी असतील तर खुशाल समजा की रेषा ओलांडली.

ओलांडायचीच असेल तर वाटा तीन.

पहिली, जड काम बाहेर द्या. चटणी कांडप केंद्रावरून कांडून आणा, घरी फक्त भाजणं, मिसळणं, भरणं ठेवा. त्या केंद्राचा एफएसएसएआय नंबर बघून घ्या आणि दर वेळी बिल घ्या. उद्या नमुना फेल गेला तर हेच बिल तुमच्या बाजूने बोलेल.

दुसरी, गाळा भाड्याने घ्या. ज्या इमारतीत तळमजला दुकानांसाठी मंजूर आहे तिथला. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मालकाकडून मागा. "दुकानच आहे की, वर्षानुवर्षं चाललंय" यावर भाडेकरार करू नका.

तिसरी, राहत्या घराचा वापर बदलून घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये वापरातला मोठा बदल हाही विकासच धरलेला आहे, म्हणजे त्याला बांधकामासारखीच परवानगी लागते. परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत प्रस्ताव, पार्किंगचा हिशोब, शुल्क, सगळं आलं. स्वतंत्र बंगला रुंद रस्त्यावर असेल तरच याच्या वाटेला जा. फ्लॅटमध्ये ही वाट जवळजवळ बंद आहे असंच समजा.

*तपासून बघा:* पुढच्या दोन वर्षांत माणसं किंवा मशीन वाढणार असतील तर आजच दुसऱ्या वाटेचा भाव काढून ठेवा.

## टप्पा ४: सोसायटी, घरमालक, भाऊबंद

सोसायटीच्या उपविधींत सदनिकेचा वापर बदलायला समितीची पूर्वपरवानगी लागते. तोंडी होकार चालत नाही. सचिव बदलला की तो होकारही जातो. अर्जात काम, वेळ, गॅस कुठे ठेवणार, गिऱ्हाईक वर येणार की तुम्ही पोचवणार, हे लिहा आणि ठरावाची प्रत घ्या. एप्रिल-मेमध्ये पापड-कुरडया सामायिक गच्चीवर वाळत घालणार असाल तर तेही त्याच अर्जात लिहा. गच्ची सगळ्यांची, आणि वाद तिथूनच पेटतात.

भाड्याच्या घरात मालकाचं संमतीपत्र हवं. भाडेकरारात "फक्त राहण्यासाठी" असं वाक्य असेल तर करारातच दुरुस्ती करून घ्या, सुटं पत्र पुरणार नाही.

पेठांमधल्या जुन्या घरांची गोष्ट वेगळी. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव, लाइटबिल थोरल्या चुलत्याच्या नावावर, घरफाळा तिसऱ्याच्या. अशा वेळी ज्याच्या नावावर पत्त्याचा पुरावा आहे त्याचं संमतीपत्र घ्या, आणि कार्डावरच्या बाकीच्यांनाही आधी सांगा. वाटणीचा वाद चालू असेल तर कुणीतरी नक्की तक्रार करतो आणि तुमची चूल त्या भांडणात सापडते.

## टप्पा ५: वीज, गॅस, पाणी

वीज: राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात घरातून चालणाऱ्या छोट्या व्यवसायाला सवलत आहे. महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात एकूण ३,६०० युनिटपर्यंत वापर असेल तर घरगुती दरच लागतो. मागच्या बारा बिलांची बेरीज करून बघा. केकवाल्यांनी तर ओव्हन घ्यायच्या आधीच करावी. आकडा वर जाणार असेल तर व्यापारी दराचं वेगळं मीटर मागून घ्या. न सांगता वापरत राहिलात आणि तपासणीत सापडलात, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते.

गॅस: १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी. डब्याच्या धंद्याला तो वापरणं २००० सालच्या एलपीजी आदेशाचं उल्लंघन आहे. व्यवसायासाठी १९ किलोचं व्यावसायिक कनेक्शन घ्या. "आम्ही आठच डबे करतो" याने फरक पडत नाही. सिलिंडर हवेशीर जागी उभा ठेवा, बंद कपाटात किंवा जिन्याखाली नको.

पाणी: नळाचं असेल तर टाकी धुतल्याची तारीख लिहून ठेवा. बोअरचं असेल तर प्रयोगशाळेतून पिण्यायोग्य असल्याचा अहवाल घ्या. पंचगंगेला पूर आला की शहराचा पाणीपुरवठा बंद पडून टँकरवर यावं लागतं, हे २०१९ आणि २०२१ मध्ये सगळ्यांनी बघितलं. त्या दिवसांत डबे चालू ठेवणार असाल तर पाणी कुठून आणणार हे आधीच ठरवा.

## टप्पा ६: एफएसएसएआयची नोंदणी

आता इथे या. अर्ज फॉस्कॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर होतो, आणि कोल्हापुरात तो अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे जातो. महापालिकेशी याचा संबंध नाही.

आधी पातळी ठरवा. २०११ च्या मूळ विनियमांत छोट्या व्यावसायिकाची मर्यादा वर्षाला १२ लाखांची उलाढाल अशी होती, आणि उत्पादकांसाठी दिवसाला १०० किलो किंवा लिटरची क्षमता. त्याच्या आत नोंदणी, वर गेलात की परवाना. उलाढाल म्हणजे एकूण विक्री, नफा नव्हे. ही गल्लत फार होते. हे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर दिसेल ती मर्यादा आणि तेच शुल्क धरा.

१. पोर्टलवर स्वतःच्या मोबाईल नंबरने खातं उघडा. नेट कॅफेवाल्याचा नंबर टाकू नका. नूतनीकरणाचे सगळे संदेश त्यालाच जातात.

२. व्यवसायाचा प्रकार निवडा. टप्पा १ चं वाक्य इथे कामाला येतं. घरगुती डब्यासाठी अन्नसेवेखाली वेगळा पर्याय आहे. चटणी-पापडवाल्यांनी उत्पादनात जायचं, गूळ भरणाऱ्यांनी फेरपॅकिंगमध्ये. डब्याच्या नोंदणीवर चटणीची पाकिटं विकणं ही कोल्हापुरात मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

३. पदार्थ निवडा. पुढच्या हंगामात करणार असाल ते आत्ताच घाला.

४. पत्ता जिथे शिजतं तिथला. राहतो एका घरी, शिजतं दुसऱ्या घरी, असं असेल तर दुसरा.

५. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि टप्पा ४ चं संमतीपत्र चढवा.

६. शुल्क भरा. रक्कम आणि मुदतीचे पर्याय पोर्टलवर दिसतील तेच धरा. मुदत निवडता येत असेल तर पहिल्यांदा एकच वर्ष घ्या असा माझा सल्ला. जागा बदलण्याची शक्यता पहिल्या वर्षीच जास्त असते.

अर्ज आल्यापासून ७ दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा तपासणीची सूचना द्यायची असते. शंका काढून अर्ज परत पाठवला तर ३० दिवसांत उत्तर द्या. नाहीतर अर्ज बाद होतो आणि पैसे परत मिळत नाहीत.

*सावधान:* शोधल्यावर वरच्या ओळींत सरकारी वाटणारी खाजगी संकेतस्थळं येतात आणि याच कामाचे हजार-दोन हजार घेतात. नंबर हातात आला की तो पोर्टलवर टाकून तपासा. २ ने सुरू होणारा नंबर नोंदणीचा, १ ने सुरू होणारा परवान्याचा. कच्चा माल देणाऱ्याचा नंबरही असाच तपासता येतो.

## टप्पा ७: तपासणीला स्वयंपाकघर तयार ठेवा

छोट्या व्यावसायिकांसाठी विनियमांच्या परिशिष्ट ४ चा पहिला भाग लागतो. तो एकदा वाचा, फार मोठा नाही. व्यवहारात अधिकाऱ्याचं लक्ष जातं ते जाळी नसलेल्या खिडकीकडे, झाकण नसलेल्या कचऱ्याच्या डब्याकडे, जमिनीवर टेकवलेल्या पोत्यांकडे, आणि फिनाइलच्या बाटलीशेजारी ठेवलेल्या तेलाच्या डब्याकडे.

काम करणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस, त्याचं नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र. घरातल्याच माणसांनाही हे लागतं.

तळणीच्या तेलाला मर्यादा आहे: एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारी) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही. घरी मोजायचं यंत्र नसतं, म्हणून काळवंडलेलं, फेसाळणारं तेल टाकून द्या आणि जुन्यात नवीन तेल ओतणं बंद करा. चकली-भजी वर्तमानपत्रावर निथळायला ठेवणंही नियमाने बंद आहे. आणि चटणीला रंग कमी आला म्हणून वरून रंग घालू नका. मसाल्यात कृत्रिम रंग चालत नाही. ब्याडगीचं प्रमाण वाढवा.

नदीकडच्या सखल भागात राहत असाल तर जून संपायच्या आत पोती वरच्या मजल्यावर न्या. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, पण ३९ फुटांचा इशारा आल्यावर हलवाहलव करणाऱ्याला टेम्पो मिळत नाही. पुराचं पाणी लागलेला माल सुकवून विकणं हा गुन्हाच.

## टप्पा ८: लेबल आणि वजनकाटा

नंबर हातात आल्याशिवाय एकही लेबल छापायचं नाही. पाकिटावर हवं: पदार्थाचं नाव; घटक, जास्त वजनाचा आधी; शाकाहाराची हिरव्या चौकटीतली हिरवी टिकली किंवा मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण; पोषणमूल्यं जिथे लागू तिथे; ॲलर्जी करणारे घटक, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा शेंगदाणे, गहू, दूध; एफएसएसएआयचं चिन्ह आणि नंबर; बॅच नंबर, तयार केल्याची आणि वापराच्या मुदतीची तारीख; निव्वळ वजन; सगळ्या करांसह कमाल किंमत; तुमचं नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन.

यातले वजन, किंमत आणि तक्रारीचा फोन हे मुद्दे वैधमापन शास्त्र विभागाच्या अखत्यारीत. आवेष्टित वस्तू नियम २०११ प्रमाणे पाकीट भरणाऱ्याची त्या विभागाकडे वेगळी नोंदणी लागते, आणि इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी पडताळून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. स्वयंपाकघरातला स्वस्त काटा विक्रीला चालत नाही. कांद्याची चटणी मुरताना वजनात फरक पडतो, म्हणून भरताना चार-पाच ग्रॅम जास्तच घाला.

शब्द जपून वापरा. "अस्सल", "शुद्ध", "नैसर्गिक", "पारंपरिक" या शब्दांवर दावे व जाहिरात विनियम २०१८ मध्ये अटी आहेत. "मधुमेहावर गुणकारी" असलं काही लिहूच नका. चुकीच्या लेबलला अन्न सुरक्षा कायद्यात ३ लाखांपर्यंत दंड आहे, आणि माल उत्तम असला तरी तो माफ होत नाही.

*तपासून बघा:* आधी दहा लेबलं साध्या प्रिंटरवर काढून भरलेल्या पाकिटावर चिकटवा. तेल सुटलं की शाई पसरते का, तारीख वाचता येते का, घडीत नंबर लपतो का ते बघा. मग छपाईला द्या.

## टप्पा ९: उरलेले कागद

दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ खाली कामगार नसलेल्या किंवा मोजके असलेल्या व्यवसायाला नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यायची असते. बँकेत चालू खातं उघडताना तिची पावती मागतात. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधार कार्डावर फुकट होते. पैसे मागणारं संकेतस्थळ बंद करा. जीएसटीला वस्तू विकणाऱ्यांची मर्यादा ४० लाख, सेवा देणाऱ्यांची २० लाख. शिजवलेलं अन्न पुरवणं सेवेत मोडतं, म्हणून डबेवाल्यांनी २० लाखांकडे लक्ष ठेवायचं.

## टप्पा १०: फाइल आणि जागाबदल

एक फाइल करा: प्रॉपर्टी कार्ड, झोन दाखला, सोसायटीचा ठराव, बारा लाइटबिलं, गॅस कनेक्शनचं पुस्तक, नोंदणी प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्रं, काट्याचा दाखला, कच्च्या मालाची बिलं. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत फाइलमध्ये ठेवा आणि मूळ प्रत स्वयंपाकघरात भिंतीवर दिसेल अशी लावा.

नोंदणीवर मुदत लिहिलेली असेल तर ती संपायच्या बऱ्याच आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. दिवाळीच्या तोंडावर मुदत संपत असेल तर गणपतीच्या आधीच करून टाका, कारण ऑर्डरी चालू असताना शंका काढून परत आलेला अर्ज बघायला कुणाला वेळ नसतो.

काम वाढून गाळ्यात गेलात तर जुना नंबर बरोबर नेता येत नाही. नोंदणी त्या पत्त्याची असते. नव्या पत्त्यासाठी नवा अर्ज, नवा नंबर, नवी लेबलं, आणि काट्याच्या दाखल्यावरचा व दुकाने कायद्याखालच्या सूचनेवरचा पत्ताही बदलायचा. म्हणून गाळ्याचा करार होईपर्यंत लेबलं दोन महिने पुरतील एवढीच छापा. नवा नंबर आला की राहिलेल्या जुन्या लेबलांवर स्टिकर मारू नका, ती फाडून टाका. आधीचा नंबर पोर्टलवरून परत करायचा, पण जुन्या पाकिटांचा शेवटचा माल दुकानांतून उचलल्यावरच.